गावातली साथ पहिल्या आठवड्यात कशी पकडायची: वही, नकाशा आणि टीसीएल

एकाच वार्डातली चार माणसं हगवणीने तालुक्याच्या दवाखान्यात भरती झाली की गावाला साथ आल्याचं कळतं. तोवर चार-पाच दिवस गेलेले असतात. त्या दिवसांत एकाने मेडिकलमधून गोळ्या आणलेल्या असतात, दुसरा शेजारच्या गावी सलाईन लावून आलेला असतो, तिसरीला आशाताईंनी ओआरएस दिलेलं असतं आणि चौथ्या घरी पुजाऱ्याला बोलावणं गेलेलं असतं. माहिती चारही ठिकाणी असते, पण एकत्र कुठेच नसते. ती एका वहीत आणायची हेच साथ रोखण्याचं पहिलं काम. त्याला डॉक्टर लागत नाही. ग्रामपंचायत आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने मनावर घेतलं तर पुरे.

वही कोणी ठेवायची आणि त्यात काय लिहायचं

वही एकाच माणसाकडे असावी. आशाताईंवर आधीच डझनभर रजिस्टरांचा भार आहे, म्हणून समितीतली दुसरी व्यक्ती नेमावी. बचत गटाची अध्यक्ष, निवृत्त शिक्षक किंवा रोज गावभर फिरणारा जलसुरक्षकही चालेल. तिने दर दोन दिवसांनी ठरलेल्या लोकांना विचारायचं: आशा, अंगणवाडी सेविका (कोणती लेकरं आली नाहीत आणि का), शाळा, पोलीस पाटील, मेडिकलवाला, जवळचा खाजगी डॉक्टर. मेडिकलवाल्याला नावं विचारू नका. जुलाबाच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं या आठवड्यात जास्त गेली का, एवढंच विचारा. गडचिरोलीकडे पुजारी आणि मेळघाटात भूमका या गावठी उपचार करणाऱ्यांनाही या यादीत घ्या. तापाचा रोगी बऱ्याचदा पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातो, आणि मानाने विचारलं तर ते सांगतात.

वहीचे रकाने असे: आजार सुरू झाल्याची तारीख, घर क्रमांक, वय, स्त्री की पुरुष, लक्षणं, घरात प्यायचं पाणी कुठलं, शेतात प्यायचं पाणी कुठलं, गेल्या पंधरा दिवसांत बाहेरगावी गेले होते का, उपचार कुठे, नमुना घेतला का. पहिल्याच रकान्यात बहुतेक जण चुकतात आणि आपल्याला कळलं ती तारीख टाकतात. त्याने सगळा हिशोब बिघडतो. एकाच दिवशी दहा नोंदी दिसतात आणि वाटतं की साथ आजच फुटली. म्हणून "जुलाब कधी लागले? बाजाराच्या आधी की नंतर?" असं विचारून खरी तारीख काढा.

शेतातल्या पाण्याचा रकाना मुद्दाम ठेवला आहे. "कुठलं पाणी पिता?" या प्रश्नाला "नळाचं" हेच उत्तर मिळतं. पण निंदणाला किंवा रोवणीला गेलेल्या बाया दिवसभर बांधावरच्या विहिरीचं, कधी नाल्याचंही पाणी पितात. जुलाब फक्त शेतावर जाणाऱ्या बायांना आणि घरी राहिलेली म्हातारी माणसं ठणठणीत असतील, तर गावची टाकी तपासण्यात वेळ घालवू नका.

लक्षणं सगळ्यांनी एकाच मापाने मोजावीत. २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौचाला झालं तर जुलाब. डोळे पिवळे आणि लघवी गडद झाली तर कावीळ. तापापुढे थंडी वाजते का, अंगावर पुरळ आहे का, किती दिवस झाले, हे लिहा. क्षयरोग, एचआयव्ही, कुष्ठरोग यांची नावं या वहीत कधीही नको. ती नोंद आरोग्य केंद्राची. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्याला थुंकी तपासायला पाठवायचं आणि तो विषय तिथेच ठेवायचा. वही कुलपात राहावी, ग्रामसभेत नावं वाचू नयेत. एकदा नाव फुटलं की पुढच्या वेळी कोणी खरं सांगत नाही.

वहीशेजारी नकाशा हवा. ड्रॉइंग शीटवर गाव हाताने काढा, प्रमाण बिनचूक नसलं तरी चालतं. घरं क्रमांकाने दाखवा. विहिरी, हापशा, पाण्याची टाकी, पाइपलाइन, प्रत्येक वॉल्व्हचा खड्डा, नाल्या आणि उकिरडे मात्र सुटू देऊ नका. रोगी सापडला की त्या घरावर टिकली चिकटवा: जुलाबाला लाल, काविळीला पिवळी, तापाला निळी. टिकल्यांची पाकिटं आठवडी बाजारात मिळतात आणि चुकलं तर टिकली काढता येते.

फोन कधी करायचा

पुढच्यापैकी एकही गोष्ट घडली तर त्याच दिवशी उपकेंद्राच्या आरोग्य सेवकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, आठवड्याच्या बैठकीची वाट पाहू नका. पाच वर्षांवरच्या एका जरी माणसाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन तो गळाला. वेगवेगळ्या घरांत काविळीचे दोन रोगी निघाले. ताप आणि पुरळ असलेलं एकही लेकरू दिसलं. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला. एकाच गल्लीत आठवड्यात तापाचे तीन-चार रोगी झाले. धडधाकट माणूस तापाने किंवा जुलाबाने दगावला. लेकराला अचानक जोराचा ताप येऊन झटके आले तर मात्र आधी १०८ ला फोन करा. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरच्याच रोग्यांमध्ये पहिल्यांदा सापडला. तो वालुमाशीतून पसरतो आणि लेकराची तब्येत काही तासांत ढासळते. मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपून घेणं हा वालुमाशीवरचा घरगुती बंदोबस्त.

आरोग्य सेवकाकडून ही खबर एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात जाते आणि तालुका, जिल्हा पातळीवर दिसू लागते. फोनवर "लय लोक बिमार आहेत" असं सांगू नका. "वार्ड तीनमध्ये सोमवारपासून नऊ जण, सहा घरं, सगळी शाळेजवळच्या विहिरीवरची" असं सांगितलं की पथक लवकर निघतं आणि सोबत काय आणायचं हेही त्यांना कळतं.

पथक येईपर्यंत दोन गोष्टी जपा. साथीतल्या विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकण्याआधी पाण्याचा नमुना घ्या, आणि रोग्याच्या शौचाचा नमुना शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्याआधी जावा. घाईघाईत आधी विहिरीत पावडर पडते, मग नमुना जातो आणि अहवाल येतो "पाणी पिण्यायोग्य". गाव निर्धास्त होतं, फुटलेली पाइपलाइन मात्र तशीच राहते. नमुना उपकेंद्रातून मिळणाऱ्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, झाकणाच्या आत बोट लागू नये, आणि बर्फाच्या डब्यातून तो २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा. रोगी गळाला असेल तर नमुन्यासाठी उपचार अडवून ठेवू नका.

टिकल्या काय सांगतात

समजा, शाळेजवळच्या विहिरीचं पाणी पिणारी ४० माणसं आहेत आणि त्यांतली १२ आजारी पडली. हापशीचं पाणी पिणारी ५० आहेत, त्यांतली दोनच आजारी. म्हणजे विहिरीवर १०० मागे ३० आणि हापशीवर १०० मागे ४. संशय विहिरीवर पक्का झाला. आता हापशीवाल्या त्या दोघांना पुन्हा विचारा. त्यातलं एखादं लेकरू दुपारी शाळेत विहिरीचं पाणी पीत असतं. नुसते आजारी मोजून हे कधी कळत नाही, धडधाकट राहिलेलेही मोजावे लागतात. तेरवी किंवा महाप्रसादाच्या जेवणानंतर उलट्या-जुलाब झाले तरी हाच हिशोब: कोणी काय खाल्लं, कोणी काय खाल्लं नाही, दोन्ही लिहा.

दुसरी खूण तारखांची. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. कॉलऱ्याचा हा काळ काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत, डेंग्यूचा ४ ते १० दिवस, टायफॉइडचा साधारण एक ते तीन आठवडे, अ प्रकारच्या काविळीचा १५ ते ५० दिवस आणि ई प्रकारच्या काविळीचा दोन ते दहा आठवडे. म्हणजे आज जुलाबाचे रोगी निघाले तर पाणी या आठवड्यात बिघडलं. पण आज कावीळ निघाली तर पाणी महिना-दीड महिन्यापूर्वी बिघडलं होतं. तेव्हाच्या वॉल्व्ह दुरुस्तीची, पुराची, रस्ता खोदल्याची तारीख ग्रामपंचायतीत शोधा. याच कारणाने काविळीच्या साथीत पाणी आज शुद्ध केलं तरी पुढचे काही आठवडे नवे रोगी निघतच राहतात. ते पाहून "टीसीएलने काही होत नाही" म्हणत काम सोडू नका. ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते. त्या वार्डातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरी उकळलेलं पाणीच प्यायला सांगा आणि तिचं नाव आरोग्य सेविकेला द्या.

पाणी

मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारी इथे जुलै २०२२ मध्ये विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलऱ्याची साथ आली आणि माणसं दगावली. पहिल्या पावसानंतरचे सहा आठवडे उघड्या विहिरीसाठी सगळ्यात वाईट असतात. गावात नळयोजना आहे म्हणून विहिरींकडे दुर्लक्ष करू नका. मोटार जळली किंवा वीज गेली की गाव पुन्हा त्याच विहिरीवर जातं.

विहिरीत किती टीसीएल टाकायचं, याला अंदाज कामाचा नाही. दोराला दगड बांधून पाण्याची खोली मोजा, विहिरीचा व्यास मोजा, दोन्ही फुटांत. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२ केलं की पाणी लिटरमध्ये मिळतं. व्यास १० फूट आणि पाणी १३ फूट असेल तर १० × १० × १३ × २२ म्हणजे २८,६०० लिटर. स्वच्छ पाण्याला १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते. पावसाळ्यात आणि साथीत पाच ग्रॅमपासून सुरुवात करा. या विहिरीला १४३ ग्रॅम लागेल. पावसाळ्यात पाण्याची पातळी आठवड्यात चार-पाच फूट चढते, म्हणून दर वेळी नव्याने मोजा.

पावडर कोरडी टाकू नका. ती गोळे होऊन तळाशी बसते. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात घट्टसर कालवा, मग बादली पाऊण भरेल एवढं पाणी घालून ढवळा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको, म्हणजे वरच्या विहिरीला दोन बादल्या. पाच-दहा मिनिटं थांबलं की चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि चुना फेकून द्या. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं आणि लोक चवीची तक्रार करतात. निवळीची बादली दोराने विहिरीत बुडवून वर-खाली, आजूबाजूला चांगली हलवा. त्यानंतर किमान एक तास पाणी भरू देऊ नका. रात्री लोकांचं पाणी भरून झाल्यावर हे काम करणं सगळ्यात सोयीचं. कालवताना नाकातोंडाला फडका बांधा, हातमोजे घाला, आणि पावडरीला फिनाइल किंवा अ‍ॅसिड लागू देऊ नका.

सकाळी ओटी चाचणी करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते कळतं. चाचणीच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, ऑर्थोटोल्युडीनचे सांगितलेले थेंब टाका आणि पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत पट्टीशी ताडून पाहा. उशीर केला तर रंग गडद होत जातो, क्लोरीन खरं आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि वहीत खोटा आकडा जातो. स्रोताजवळ लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आणि शेवटच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावं. रंगच आला नाही तर पावडरीचं प्रमाण दीडपट करून तासाभराने पुन्हा पाहा. तरीही आला नाही तर पावडर मेलेली आहे, किंवा पाणी फार गढूळ आहे. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटीने पाणी निवळू द्या.

पावडर मरते ती ठेवण्याच्या जागेमुळे. नव्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. ग्रामपंचायतीच्या टिनाच्या खोलीत तोंड उघडं पोतं मे महिनाभर पडलं तर त्यात नुसता चुना उरतो. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये. सावलीत, कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये आणि युरियाच्या पोत्यांपासून लांब ठेवा. खरेदी वर्षभराची एकदम करू नका. पावडरीचा नमुनाही प्रयोगशाळेत तपासून मिळतो, तो पावसाळ्याआधी पाठवा.

नळयोजनेत बिघाड शोधायला हीच ओटी किट कामी येते. पाणी सुटल्यावर टाकीपासून शेवटपर्यंत एकेका नळाचं पाणी तपासत चला. तीन नळांना ०.५ आलं आणि चौथ्याला एकदम शून्य, तर तिसऱ्या आणि चौथ्या नळामधली पाइपलाइन उघडून पाहा. बहुतेक वेळा नालीतून गेलेला पाइप फुटलेला निघतो किंवा वॉल्व्हच्या खड्ड्यात घाण पाणी साचलेलं असतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होताना ती घाण आत ओढली जाते. प्रेशर कमी म्हणून लोक अंगणात खड्डा खणून तोटी खाली घेतात, तिथेही तेच घडतं. नळाला थेट टुल्लू पंप लावणं सगळ्यात वाईट, कारण तो शेजारच्या नालीतलं पाणीसुद्धा पाइपात खेचतो आणि त्याची शिक्षा पुढच्या दहा घरांना भोगावी लागते. इथे सरपंचाने मुलाहिजा ठेवू नये.

जुलाब लागलेल्याला पहिल्या पातळ शौचापासून ओआरएस सुरू करा. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, आणि केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं. "लेकरू लहान आहे" म्हणून अर्धं पाकीट एका पेल्यात कालवलं की मीठ जास्त होतं आणि लेकराला अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला २० मिलिग्रॅम झिंक रोज, पूर्ण १४ दिवस, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसते, लेकरू पीतच नाही असं दिसलं की थेट दवाखाना.

डास आणि ताप

पश्चिम विदर्भात, विशेषतः अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, डेंग्यूचं मूळ पाणी साठवण्यात आहे. विहिरीचं पाणी खारट आणि नळ आठ-दहा दिवसांनी, म्हणून घरोघरी टाकी, रांजण, ड्रम. एडिस डासाच्या अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला तर चक्र तुटतं, पण नळच दहा दिवसांनी येत असेल तर पाणी ओतून द्या असं सांगण्यात अर्थ नाही. तिथे प्रत्येक भांड्यावर जुन्या लुगड्याचं दुहेरी कापड दोरीने घट्ट बांधायचं, आणि नळ येण्याच्या दिवशी भांडं रिकामं करून आतून काथ्याने घासायचं. अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात. नुसतं विसळून ती निघत नाहीत आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. म्हणून पावसाळा लागल्यावर कूलर बंद करताना त्याची टाकी घासून, पॅड काढून, उन्हात वाळवून ठेवा. फ्रिजच्या मागचा ट्रे, टायर आणि जनावरांची टाकंही पाहा. टाक्यात आणि वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडा.

पाहणी करताना टॉर्च घ्या. आळी पाण्याच्या पृष्ठभागाखाली तिरकी लटकली असेल तर एडिस किंवा क्युलेक्स, पृष्ठभागाला समांतर आडवी असेल तर हिवतापाचा अ‍ॅनोफिलीस. तपासलेल्या १०० घरांमागे किती घरांत आळ्या निघाल्या हा घर निर्देशांक. तो १० च्या वर गेला तर धोका मोठा, १ च्या खाली आणायचं ध्येय ठेवा. धूरफवारणीची मागणी सगळ्यात आधी होते, पण तिने फक्त उडते डास मरतात. आळ्या राहिल्या तर आठवड्याने डास पुन्हा तेवढेच. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणं स्वस्त आहे आणि हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सला त्याने आळा बसतो.

पूर्वेकडे, गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात, प्रत्येक ताप हिवताप समजूनच तपासावा. आशाताईंकडच्या रॅपिड कार्डाने तिथेच कळतं. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापात प्रायमाक्विनची गोळी १४ दिवस घ्यायची असते. तीन दिवसांत ताप उतरतो, लोक गोळ्या सोडतात आणि यकृतात लपलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा उठतो. म्हणून वहीत चौदाव्या दिवसापर्यंत खूण करत जा. गरोदर बाईला आणि वर्षाखालच्या बाळाला ही गोळी देत नाहीत. घरात कीटकनाशक फवारलं की पोळा-दिवाळीला भिंती सारवल्या जातात आणि औषध शेणाखाली जातं. फवारणीच्या तारखा सणाशी जुळवून घ्या, निदान झोपायच्या खोलीच्या भिंती सोडायला सांगा. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली कुटुंबं परत आली की पहिल्या दोन दिवसांत त्यांच्यातल्या प्रत्येक तापाच्या माणसाचं रक्त तपासा आणि लेकरांचं गोवराचं लसीकरण चुकलं का पाहा.

डेंग्यूत चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरल्यावर घरचे सैल पडतात, आणि धोका नेमका तेव्हाच असतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ताप आठवडाभर हटत नाही, डेंग्यू-हिवताप दोन्ही निघत नाहीत, तेव्हा अंग नीट पाहा. काख, जांघ, कंबर, छातीखाली सिगारेटचा चटका बसावा तशी, न दुखणारी काळी खपली असेल तर स्क्रब टायफस. नागपूर आणि आसपास २०१८ मध्ये त्याची मोठी साथ होऊन गेली. माइट नावाच्या बारीक किड्याच्या आळीच्या चाव्याने तो होतो, झुडपात आणि गवतात काम करणाऱ्यांना. डॉक्सीसायक्लिन वेळेत सुरू झालं तर रोगी लवकर सुधारतो, उशिरा गेला तर फुप्फुस आणि मूत्रपिंडावर जातं. खपली लाजेच्या जागी असते म्हणून रोगी दाखवत नाही. डॉक्टरला तसं आधीच सांगायला शिकवा. गवतातून आल्यावर साबणाने आंघोळ करायची आणि कपडे गरम पाण्यात धुवायचे.

साथ संपली असं ठरवण्याची घाई करू नका. शेवटच्या रोग्यानंतर त्या रोगाच्या सर्वांत लांब अधिशयन काळाच्या दुप्पट दिवस नवा रोगी निघाला नाही, तेव्हा साथ संपली: कॉलऱ्यात १० दिवस, अ प्रकारच्या काविळीत १०० दिवस. तोवर ओटी चाचणी रोज, वहीची विचारपूस रोज, आणि दुरुस्त केलेल्या पाइपलाइनच्या शेवटच्या नळाचा नमुना दोनदा प्रयोगशाळेत पाठवा.